ऐकायला चिप किती लागते? अंधेरीतल्या भावंडांच्या चाळीस लाखांचं प्रकरण

हे प्रकरण मुंबईतल्या एका छोट्या व्यवसायाच्या मालकांचं आहे. ओळख पटू नये म्हणून व्यवसायाचे तपशील आणि रकमा थोड्या बदलल्या आहेत. बाजारातल्या घटना, करांचे नियम आणि चिपांचे आकडे जसेच्या तसे ठेवले आहेत.

## पार्श्वभूमी

अंधेरी पूर्वेला एमआयडीसीच्या एका गाळ्यात भाऊ-बहिणीची भागीदारी संस्था आहे. वित्तसंस्थांचे वसुली कॉल नियमांनुसार झाले की नाही हे तपासणं हा त्यांचा धंदा. धमकीची भाषा, चुकीची व्याजाची माहिती, वेळेबाहेरचे फोन असं सगळं त्यात येतं. पूर्वी तीसेक मुलंमुली हेडफोन लावून बसायची आणि शंभरातले तीन-चार कॉल ऐकले जायचे.

२०२२च्या सप्टेंबरमध्ये ओपनएआयनं ‘व्हिस्पर’ हे वाक्‌-ओळखीचं, म्हणजे बोलणं ऐकून लिहून काढणारं, मॉडेल खुलं केलं. ६,८०,००० तासांच्या ध्वनिमुद्रणावर शिकवलेलं ते मॉडेल कुणीही फुकट उतरवून घेऊ शकत होतं. भावंडांनी पुढच्या वर्षी कर्ज काढून सर्व्हर घेतला, २४ जीबी मेमरीची दोन ग्राफिक्स कार्डं बसवली आणि शंभर टक्के कॉल यंत्राकडून लिहून घ्यायला सुरुवात केली. रोजचे ९,००० कॉल, सरासरी चार मिनिटांचे, म्हणजे ६०० तासांचं बोलणं. मूळ आज्ञावलीवर एक कार्ड तासाला साधारण २० तासांचं ध्वनिमुद्रण उरकायचं. दोन कार्डांना मिळून १५ तास लागायचे आणि सर्व्हरची खोली रात्रभर तापलेली असायची.

त्या तापलेल्या खोलीतून मोठ्या भावाचा सिद्धान्त निघाला. आपल्यासारख्या चिमुकल्या संस्थेला दोन कार्डं लागतात, तर देशातली प्रत्येक बँक, इस्पितळ, कोर्ट आणि मोबाइल ऐकायला लागल्यावर चिपांना किती मागणी येईल? २०२४च्या फेब्रुवारीत अशा कार्डांच्या चिपा विकणाऱ्या एनव्हिडियाच्या शेअरधारणेच्या तिमाही विवरणात ‘साउंडहाउंड’ या आवाज-ओळखीच्या कंपनीचं नाव दिसलं आणि तो शेअर काही दिवसांत दुपटीच्या पुढे गेला. मग तर त्यांची खात्रीच पटली. संस्थेकडे ४० लाख रुपये शिल्लक होते. निम्मे साउंडहाउंडमध्ये आणि निम्मे एनव्हिडियात टाकायचे, हा बेत घेऊन दोघं सल्लागाराकडे आली.

## अडचण

सिद्धान्तात तीन गृहीतकं एकमेकांत गुंतलेली होती. आवाज ओळखण्याचा वापर खूप वाढेल, हे पहिलं. वापर वाढला की त्याच प्रमाणात चिपा लागतील, हे दुसरं. आणि त्या चिपांचा नफा आपण घेतलेल्या शेअरच्याच पदरात पडेल, हे तिसरं. पहिल्याशी कुणाचं भांडण नव्हतं. मार्च २०२२ मध्ये साध्या फोनसाठी ‘यूपीआय १२३पे’ आलं, सप्टेंबर २०२३ मध्ये बोलून पैसे पाठवायची ‘हॅलो यूपीआय’ सोय जाहीर झाली, केंद्र सरकारचा भारतीय भाषांसाठीचा ‘भाषिणी’ प्रकल्प २०२२पासून चालू आहे. भारतात टंकलेखनापेक्षा बोलणं सोपं वाटणाऱ्यांची संख्या प्रचंड आहे. घोडं अडत होतं ते दुसऱ्या आणि तिसऱ्या गृहीतकावर.

दुसरीही एक अडचण होती, आणि तिचा उल्लेख पहिल्या बैठकीत कुणी केलाच नाही. दोघांचं उत्पन्न आधीच याच तंत्रज्ञानावर उभं होतं. बचतही त्याच झाडाला टांगायची का?

## हिशोब

सल्लागारानं सुरुवात गूगलच्या एका जुन्या अंदाजापासून केली. २०१३ मध्ये गूगलच्या अभियंत्यांनी गणित मांडलं होतं की लोकांनी रोज तीन मिनिटं आवाजानं शोध घेतला, तर न्यूरल नेटवर्कवर चालणाऱ्या वाक्‌-ओळखीसाठी कंपनीची डेटा सेंटरं दुप्पट करावी लागतील. मोठ्या भावाच्या सिद्धान्ताला यापेक्षा भक्कम साक्ष मिळणं अवघड. पण गूगलनं दुप्पट सीपीयू, म्हणजे नेहमीच्या संगणकांतल्या चिपा, विकत घेतल्या नाहीत. स्वतःची ‘टीपीयू’ ही चिप बनवली आणि २०१५ मध्ये कामाला लावली. मागणीचा अंदाज वाचून त्या वेळी कुणी सीपीयूवाल्या कंपनीचे शेअर घेतले असते, तर निदान या कामाचा पैसा त्याच्यापर्यंत पोचलाच नसता.

मग तीच तीन मिनिटं घेऊन भारतापुरतं गणित केलं. समजा, १० कोटी माणसं रोज तीन मिनिटं यंत्राशी बोलतात. म्हणजे दिवसाला ५० लाख तास. एनव्हिडियाचं एल४ हे ७२ वॅटचं, २४ जीबीचं कार्ड. त्यावर नीट बांधलेली प्रणाली तासाला ५० तासांचं बोलणं उरकते असं धरलं, आणि हा आकडा मुद्दाम हात आखडून धरला आहे. एक कार्ड दिवसाला १,२०० तास. भागाकार केला तर ४,१६७ कार्डं. पण लोक चोवीस तास सारखे बोलत नाहीत. सकाळ-संध्याकाळच्या गर्दीसाठी चौपट धरू, म्हणजे साधारण १६,७०० कार्डं. कार्डाला अडीच हजार डॉलर धरले, तर सगळे मिळून सव्वाचार कोटी डॉलरही होत नाहीत. जानेवारी २०२४ला संपलेल्या वर्षात एनव्हिडियाची एकट्या डेटा सेंटर विभागाची विक्री ४,७५० कोटी डॉलर होती. दहा कोटी माणसांचं ऐकणं म्हणजे त्यातला हजारात एक भागही नाही. गृहीतकं दहापटीनं चुकली तरी शंभरात एकाच्या आसपास.

मोठ्या भावाला हे पटेना. घरची दोन कार्डं रात्रभर राबत होती, हे त्यांनी डोळ्यांनी पाहिलं होतं. त्यावर बहीण म्हणाली, “दादा, दुसरं कार्ड गेले तीन महिने बंदच आहे.”

तांत्रिक बाजू तीच सांभाळत होती. झालं होतं असं. मूळ आज्ञावलीऐवजी तिनं तेच मॉडेल वेगानं चालवणारं ‘फास्टर-व्हिस्पर’ बसवलं आणि मॉडेलचे आकडे १६ बिटांऐवजी ८ बिटांत साठवले. सर्वांत मोठ्या व्हिस्परमध्ये असे १५५ कोटी आकडे, म्हणजे पॅरामीटर, असतात. १६ बिटांत ते ३.१ जीबी जागा घेतं, ८ बिटांत निम्मी. दुसरं, कॉलमधला होल्डवरचा वेळ आणि शांतता आधीच छाटून टाकली. ६०० तासांतले जवळजवळ २०० तास तसेच निघाले. तिसरं, तुकडे एकेक न देता गठ्ठ्यानं दिले. मराठी कॉलवर व्हिस्पर अडखळतं, विशेषतः मालवणी वळणाचं किंवा हिंदी मिसळलेलं बोलणं आलं की. त्यासाठी आयआयटी मद्रासमधल्या एआय४भारत गटाचं भारतीय भाषांसाठीचं कॉन्फॉर्मर मॉडेल लावलं, आणि ते चालवायलाही हलकं निघालं. पंधरा तासांचं दोन कार्डांचं काम एका कार्डावर चार तासांत होऊ लागलं. काम तेवढंच, चिप निम्मी, आणि तीही बराच वेळ रिकामी.

इथे एक उलट युक्तिवाद होतो आणि तो हसण्यावारी नेण्यासारखा नाही. स्वस्त झालं की वापर वाढतो. शंभरातले तीन कॉल ऐकणारी संस्था शंभरच्या शंभर ऐकू लागली, हे त्याचंच उदाहरण. पण शंभर टक्क्यांच्या पुढे जायला कॉलच उरत नाहीत. ऐकण्याच्या मागणीला माणसाच्या तोंडाची मर्यादा आहे. दिवसाचे तास ठरलेले आणि माणसं मोजलेली. कार्यक्षमतेला असं छप्पर अजून तरी दिसलेलं नाही.

त्यातच ऐकण्याचं काम खिशात उतरतंय. ॲपलनं २०२१ मध्ये सिरीचं बोलणं ओळखण्याचं काम फोनवरच करायला सुरुवात केली आणि त्यासाठी २०१८ची ए१२ चिप पुरेशी ठरली. म्हणजे लोकांच्या हातात तीन वर्षं आधीच जाऊन बसलेली चिप. नवी विक्री शून्य.

मग आवाजामुळे चिपांची मागणी वाढते ती कुठे? उत्तर देण्यात. व्हिस्पर बोलण्याचे ३० सेकंदांचे तुकडे करतं. प्रश्न दहा सेकंदांचा असला तरी उरलेली जागा शांततेनं भरून पूर्ण तुकडाच गिरणीत जातो. अशा एका तुकड्याला मोठ्या मॉडेलवर ढोबळमानानं सव्वादोन लाख कोटी गणिती क्रिया लागतात. तोच प्रश्न ७,००० कोटी पॅरामीटरच्या भाषा-मॉडेलकडे गेला, सोबत हजारभर टोकनांचा, म्हणजे शब्दांच्या तुकड्यांचा, संदर्भ आणि तीनशे टोकनांचं उत्तर असेल, तर प्रत्येक टोकनला पॅरामीटरच्या दुप्पट क्रिया या नेहमीच्या ठोकताळ्यानं १८२ लाख कोटी क्रिया होतात. ऐकण्याच्या ऐंशीपट. बोलण्याची सोय झाल्यामुळे लोक जास्त प्रश्न विचारतील आणि चिपा उत्तरांसाठी लागतील, असा सिद्धान्त मांडला तर तो टिकतो. मात्र मग गुंतवणूक ‘आवाजा’वर उरत नाही. ती मोठ्या मॉडेलांच्या उभारणीवर होते आणि तिची जोखीमही त्या उभारणीची असते.

## तोलून पाहिलेले पर्याय

साउंडहाउंड सगळ्यांत आधी तपासलं, कारण ओढ तिकडेच होती. ही कंपनी चिप विकत नाही. मोटारी आणि उपाहारगृहांसाठी आवाजाचं सॉफ्टवेअर विकते. २०२३ची विक्री ४.५९ कोटी डॉलर होती आणि वर्ष तोट्यात गेलं होतं. एनव्हिडियाची गाजलेली गुंतवणूक होती सुमारे ३७ लाख डॉलरची. एनव्हिडियाच्या आकाराच्या कंपनीसाठी ही रक्कम चिल्लर आहे.

आवाजाच्या एकाच कप्प्यात बसलेल्या कंपन्यांचा इतिहास सल्लागारानं समोर ठेवला. बेल्जियमची लेर्नाउट अँड हाउस्पी २००० साली ड्रॅगन सिस्टिम्स विकत घेऊन शिखरावर पोचली आणि त्याच वर्षी हिशोबातले घोटाळे उघडे पडून बुडाली. ड्रॅगनच्या संस्थापकांना मोबदला शेअरमध्ये मिळाला होता. त्याचा कागद झाला. ऑडियन्स ही तर चक्क आवाजाची चिप बनवणारी कंपनी. आयफोनमध्ये गोंगाट गाळण्याचं तिचं तंत्रज्ञान असे. सप्टेंबर २०१२ मध्ये ॲपल पुढच्या फोनमध्ये ते वापरण्याची शक्यता कमी असल्याचं तिनं जाहीर केलं आणि शेअर एका दिवसात निम्म्याहून खाली आला. उलट बाजूला न्यूआन्स आहे. मायक्रोसॉफ्टनं ती कर्जासह १,९७० कोटी डॉलरला घेतली आणि हा व्यवहार मार्च २०२२ मध्ये पूर्ण झाला. पण तिथवर पोचणारी कंपनी आधी ओळखायची कशी, याचं उत्तर कुणाकडे नव्हतं.

भारतीय शेअर बाजारातल्या ‘सेमीकंडक्टर’ नावाखाली चालणाऱ्या कंपन्यांचा विचार लवकर संपला. टाटा इलेक्ट्रॉनिक्सचा धोलेऱ्याचा ९१,००० कोटींचा कारखाना २८ नॅनोमीटर आणि त्याहून जाड तंत्रावरचा आहे. वाक्‌-ओळखीची कार्डं त्याहून कितीतरी बारीक तंत्रावर तैवानमध्ये बनतात. शिवाय टाटा इलेक्ट्रॉनिक्स बाजारात नोंदलेलीच नाही.

देशी म्युच्युअल फंडातून परदेशी शेअर घेण्याचा मार्ग अर्धवट बंद होता. संपूर्ण उद्योगासाठी असलेली ७०० कोटी डॉलरची मर्यादा २०२२च्या सुरुवातीला भरत आल्यापासून अनेक योजनांनी नवे पैसे घेणं थांबवलं होतं. बाजारात शेअरसारखे मिळणारे फंड, म्हणजे ईटीएफ, त्यामुळे प्रत्यक्ष मूल्याच्या वरच्या भावात विकले जात होते. प्रीमियम देऊन घ्यायचं आणि मर्यादा वाढली की तो प्रीमियम गमवायचा, असा तो सौदा.

उरला रिझर्व्ह बँकेच्या उदारीकृत प्रेषण योजनेचा, म्हणजे एलआरएसचा मार्ग. त्यातून माणशी वर्षाला अडीच लाख डॉलरपर्यंत पैसे परदेशात पाठवता येतात. आणि सर्व्हरच्या कर्जाचे साडेअकरा टक्क्यांचे १२ लाख फेडायचे, हाही एक पर्याय होताच. त्याचं आकर्षण कुणालाच वाटत नाही.

## निर्णय आणि कृती

पहिला निर्णय कर्जाचा झाला. साडेअकरा टक्क्यांचा खात्रीचा परतावा दुसरीकडे मिळत नाही. १२ लाख फेडले, २८ उरले.

दुसरा निर्णय बहिणीनं रेटला. एकेक कंपनी न घेता चिप उद्योगाची टोपली घ्यायची. डिझाइनवाल्या, चिपा घडवणारी तैवानची टीएसएमसी, यंत्रं बनवणारी एएसएमएल, मेमरीवाल्या असं सगळं त्यात हवं. उत्तरं देण्याची उभारणी कुणाच्याही चिपवर झाली तरी काही हिस्सा टोपलीत पडतो. गूगलच्या प्रकरणाचा उपयोग इथे झाला.

टोपली कुठल्या देशातली, हा तपशील बहुतेक जण सोडून देतात. अमेरिकेत नोंदलेला ईटीएफ किंवा शेअर धारण करणारी परदेशी व्यक्ती वारली, तर ६०,००० डॉलरच्या वरच्या अमेरिकी मालमत्तेवर तिथला इस्टेट टॅक्स लागतो, ४० टक्क्यांपर्यंत. भारताचा याबाबत अमेरिकेशी करार नाही. आयर्लंडमध्ये नोंदलेला यूसीआयटीएस, म्हणजे युरोपीय नियमांखालचा, ईटीएफ घेतला की हा प्रश्न येत नाही, आणि लाभांश फंडातच गुंतवणारा प्रकार निवडला तर दरवर्षी लाभांशाचा हिशोबही करावा लागत नाही. भावंडांनी तसाच, फेरसमतोलाच्या वेळी एका कंपनीचं वजन १० टक्क्यांवर रोखणारा फंड घेतला.

पैसे पाठवताना पहिलीच ठेच लागली. भावानं संस्थेच्या चालू खात्यातून पाठवायला अर्ज केला आणि बँकेनं परत केला. एलआरएस फक्त व्यक्तींसाठी आहे. भागीदारी संस्था, कंपनी किंवा एचयूएफला (हिंदू अविभक्त कुटुंबाला) ती मिळत नाही. मग उचल म्हणून रक्कम दोघांच्या वैयक्तिक बचत खात्यांत घेतली आणि परदेशी पैसे पाठवण्याचा ए२ अर्ज शेअर-गुंतवणुकीच्या पर्पज कोडसह, प्रत्येकाच्या पॅनवर स्वतंत्र भरला.

रक्कम दोन नावांत आणि दोन आर्थिक वर्षांत विभागण्याचं कारण टीसीएस, म्हणजे पैसे पाठवतानाच बँक कापून घेते तो कर. तेव्हा वर्षाला सात लाखांच्या वर पाठवलेल्या रकमेवर २० टक्के कापले जात. सगळे २८ लाख एकाच नावानं पाठवले असते, तर ४.२ लाख विवरणपत्र भरून परतावा येईपर्यंत अडकले असते. हा खर्च नव्हे, आगाऊ करातही तो वळता करता येतो, पण छोट्या धंद्याला रोख अडकणं परवडत नाही. म्हणून जुलै २०२४ पासून माणशी सात लाख, चार मासिक हप्त्यांत. उरलेले चौदा लाख लिक्विड फंडात, पुढच्या एप्रिलपर्यंत.

## काय झालं

पहिला हप्ता जवळजवळ उच्चांकावर लागला. ऑगस्टमध्ये बाजार घसरला, पुढचे हप्ते त्यामुळे स्वस्तात पडले.

नाकारलेल्या साउंडहाउंडनं मात्र सगळ्यांची झोप उडवली. जूनमध्ये पाच डॉलरच्या आसपास असलेला शेअर डिसेंबरअखेर वीसच्या घरात गेला. भावाचे फोन त्या महिन्यात वाढले होते. कंपनीची विक्री २०२४ मध्ये ८.४७ कोटी डॉलरवर गेली खरी, पण त्यात ऑगस्टमध्ये विकत घेतलेल्या अमेलिया कंपनीचीही भर होती. फेब्रुवारी २०२५ मध्ये एनव्हिडियानं आपला हिस्सा विकल्याचं विवरणात दिसलं आणि शेअर एका दिवसात पाव भागाहून जास्त पडला. मार्चअखेर तो दहाच्या खाली होता. भावानं घेतला असता तर डिसेंबरमध्ये विकला असता का, हे सांगता येत नाही. त्यांच्या जुन्या डीमॅट खात्यावरून अंदाज बांधायचा, तर नाही.

२७ जानेवारी २०२५ला डीपसीक या चिनी कंपनीच्या स्वस्त मॉडेलच्या बातमीनं एनव्हिडिया १७ टक्के पडला. कमी चिपांत तेच काम होतं, ही भीती. अंधेरीच्या गाळ्यात दुसरं कार्ड बंद पडलं तेव्हा जे घडलं होतं, त्याचीच ही मोठी आवृत्ती. एप्रिलमध्ये अमेरिकी आयातशुल्काच्या घोषणेनंतर टोपलीवरचा कागदी तोटा चौथ्या हिश्श्याच्या पुढे गेला.

दुसऱ्या फेरीची वेळ नेमकी तेव्हाच आली. टीसीएसची मर्यादाही १ एप्रिल २०२५ पासून दहा लाख झाली होती. बहिणीनं ठरल्याप्रमाणे चार हप्ते लावले. भावानं सात लाख दलालाच्या खात्यात पाठवले आणि ‘अजून पडेल’ म्हणून डॉलर तसेच ठेवले. बाजार उन्हाळ्यातच वर आला आणि जुलैत एनव्हिडियाचं बाजारमूल्य चार लाख कोटी डॉलरला स्पर्शून आलं. एलआरएसखाली पाठवलेले पैसे न गुंतवता १८० दिवसांच्या वर ठेवता येत नाहीत, परत आणावे लागतात. मुदत संपत आल्यावर सप्टेंबरमध्ये त्यांनी बहिणीपेक्षा बऱ्याच चढ्या भावानं खरेदी केली. पहिल्या फेरीची खरेदी तोवर दोघांचीही नफ्यात आली होती.

धंद्याची बातमी मात्र वेगळी आहे. २०२५च्या मध्यात त्यांच्या सगळ्यांत मोठ्या ग्राहकानं हीच प्रणाली स्वतःकडे बसवली. मॉडेल फुकट, कार्ड एक, माणसं दोन. संस्थेचं उत्पन्न तिसऱ्या हिश्श्यानं घटलं. कर्ज फिटलेलं होतं म्हणून पगार थांबले नाहीत.

## वेगळं काय करता आलं असतं

साउंडहाउंडला सरसकट नकार देण्याऐवजी गमावली तरी चालेल अशी पन्नास हजारांची रक्कम आणि विक्रीचा भाव, दोन्ही आधी लिहून ठेवून द्यायला हरकत नव्हती. शेअर चांगला होता असं नाही. पण पूर्ण नकारानं भावाची ओढ तशीच राहिली आणि एप्रिलमधल्या त्यांच्या थांबण्यात तिचा वाटा असावा.

दुसऱ्या फेरीचे हप्ते तारखेसह बँकेला स्थायी सूचना म्हणून देता आले असते. पहिल्या फेरीत शिस्त टिकली, कारण सल्लागाराचा कर्मचारी दर महिन्याला आठवण करत होता. दुसऱ्या फेरीत ते काम कुणाकडेच नव्हतं.

विवरणपत्रात परदेशी मालमत्तेच्या परिशिष्टात, म्हणजे शेड्यूल एफएमध्ये, त्यांच्या लेखापालानं ३१ मार्चचे आकडे भरले. तिथे कॅलेंडर वर्ष धरतात, ३१ डिसेंबरपर्यंतचं. एकूण २० लाखांपर्यंतच्या अशा स्थावर नसलेल्या मालमत्तेला ऑक्टोबर २०२४ पासून काळ्या पैशाच्या कायद्यातल्या दहा लाखांच्या दंडातून सूट आहे, त्यामुळे दंडाची भीती नव्हती, तरी सुधारित विवरणपत्र भरावं लागलं. दलालाकडून जानेवारीतच कॅलेंडर वर्षाचा उतारा मागवून ठेवला असता तर हा हेलपाटा वाचला असता.

सगळ्यांत महागात पडली ती न झालेली चर्चा. गाळ्यातलं दुसरं कार्ड बंद पडणं हे शेअरबाजाराआधी त्यांच्या धंद्याबद्दल बोलत होतं: जे काम एका कार्डावर चार तासांत होतं, ते ग्राहकही करू शकतो. २०२४च्या जूनमध्ये, चाळीस लाखांचं काय करायचं हे ठरवतानाच, त्यातले पाच-सात लाख तपासणीच्या पुढच्या कामात घालता आले असते, म्हणजे मालवणी, वऱ्हाडी, मिसळलेल्या हिंदीचे कॉल माणसांकडून तपासून मॉडेल सुधारण्यात. असं काम ग्राहकाला घरी बसून जमत नाही. बहिणीनं ते आता सुरू केलं आहे, उरलेल्या दोन ग्राहकांसाठी. दुसरं कार्ड पुन्हा चालू झालंय, मॉडेल शिकवण्यासाठी.